लादी, सतरंजी आणि आपला श्वास

वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन झाले आणि अश्विन पौर्णिमेला त्याची सांगता झाली. या तीन महिन्यांत विहाराची सतरंजी दमट हवेत अंथरली गेली, ओल्या पायांनी तुडवली गेली आणि कार्यक्रम संपल्यावर तशीच गुंडाळून कोपऱ्यात ठेवली गेली. घरोघरी गाद्या, चादरी आणि खाली अंथरलेल्या प्लॅस्टिक कार्पेटचेही तेच झाले. आता ऑक्टोबरचे ऊन पडले आहे. वर्षातली सगळ्यात महत्त्वाची साफसफाई करण्याचे हेच दिवस.

याच दिवसांत मोबाइलवर आणि भिंतींवर जाहिराती दिसतात: ‘सोफा, कार्पेट, टाइल्स मशीनने साफ करून मिळतील.’ आपल्यासारख्या घरांना याचा खरोखर उपयोग आहे का? आहे, पण सगळ्या गोष्टींसाठी नाही. कोणत्या कामाला पैसे द्यावेत, कोणते काम ऊन आणि पाण्यानेच होते आणि कोणता ‘स्वस्त उपाय’ जिवावर बेतू शकतो, हे या लेखात पाहू.

दापोड्याची धूळ घरात कशी येते?

दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, माणकोली हा सगळा पट्टा गोदामांचा. रात्रंदिवस ट्रक आणि टेम्पो धावतात. त्यांच्या चाकांनी उडालेली माती, डिझेलचा धूर आणि गोदामातल्या पुठ्ठ्यांचा भुसा दारातून आत येतो. जवळच भिवंडीचे यंत्रमाग आहेत. मागावर काम करणाऱ्याच्या केसांत आणि कपड्यांत सुताचे बारीक तंतू बसतात. तो घरी येऊन सतरंजीवर बसला की ते तंतू सतरंजीत उतरतात.

ही धूळ लादीवर पडली तर ओल्या फडक्याने निघून जाते. सतरंजीत, गादीत किंवा सोफ्याच्या कापडात शिरली तर मात्र तिथेच मुक्काम करते. वरून झाडू मारला की जाड कचरा निघतो, बारीक धूळ हवेत उडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा खाली बसते. त्या अर्ध्या तासात ती कुणाच्या छातीत जाते? झाडणाऱ्या बाईच्या आणि खाली रांगणाऱ्या लेकराच्या. मोठ्या माणसाचे नाक जमिनीपासून पाच फुटांवर असते, रांगणाऱ्या मुलाचे जेमतेम एका फुटावर. म्हणून लादीची स्वच्छता हा आधी लहान मुलांच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

सतरंजीतला न दिसणारा पाहुणा

धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. आपल्या अंगावरून रोज कातडीचा बारीक कोंडा झडत असतो. हा कोंडा खाऊन जगणारा एक सूक्ष्म किडा गादी, उशी, सतरंजी आणि जाड कार्पेटमध्ये राहतो. डॉक्टर त्याला ‘डस्ट माइट’ म्हणतात. त्याची लांबी एका मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. तो चावत नाही आणि रक्तही पित नाही. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेच्या कणांचा. हे कण श्वासातून आत गेले की ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना शिंका येतात, नाक गळते, डोळे खाजतात आणि छातीत घरघर होते. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे हा किडा आहे, हे १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन येथील संशोधकांनी दाखवून दिले.

या किड्याला दमट हवा लागते. तो तोंडाने पाणी पित नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो. हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात आर्द्रता त्याहून कितीतरी जास्त असते, म्हणून पावसाळा संपता संपता सर्दी-खोकला आणि दम्याची कुरकुर वाढलेली दिसते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, ऊन. गाद्या, उशा, सतरंज्या कडक उन्हात चार-पाच तास दोन्ही बाजूंनी तापवाव्यात. दुसरा, गरम पाणी. हा किडा साधारण ६० अंश गरम पाण्यात मरतो. उकळते पाणी आणि साधे पाणी निम्मे निम्मे मिसळले की जवळपास तेवढे तापमान मिळते. त्यात चादरी, उशांचे अभ्रे आणि पातळ सतरंज्या भिजवाव्यात. पाणी हाताला भाजते, म्हणून काठीने ढवळावे आणि मुलांना दूर ठेवावे. तिसरा, धुणे. उन्हाने किडा मेला तरी त्याची विष्ठा कापडातच राहते. ती साबण-पाण्यानेच निघते. नुसते ऊन दाखवून काम अर्धेच होते.

सतरंजी झटकायची असेल तर घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून आणि नाका-तोंडाला कापड बांधून झटकावी. दमेकऱ्याने हे काम करू नये.

प्लॅस्टिक कार्पेटच्या खाली

आपल्याकडे ‘कार्पेट’ म्हटले की लोकरीचा गालिचा क्वचितच असतो. बहुतेक घरांत कोब्यावर किंवा जुन्या शहाबादीवर प्लॅस्टिकचे नक्षीदार कार्पेट टाकलेले असते. ते स्वस्त असते, दिसायला छान असते आणि पुसायला सोपे. पण जमिनीतून वर येणारी ओल त्याच्याखाली अडकते. कडेने पाणी शिरते, वर्षभर ते कुणी उचलत नाही. एक दिवस कोपरा उचलून पाहा. खाली काळे डाग असतील, कुबट वास येत असेल, तर ती बुरशी आहे. झुरळांनाही हीच जागा आवडते.

ओल आणि बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर आणि दम्याचा त्रास अधिक होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या हवेविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितले आहे. वरून कितीही चकचकीत पुसले तरी खालची बुरशी जात नाही. म्हणून प्लॅस्टिक कार्पेट वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, पूर्ण उचलावे. दोन्ही बाजू साबणाने धुवाव्यात, खालची जमीन घासून, धुऊन पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावी, मगच पुन्हा अंथरावे. ओल सारखी येत असेल तर पावसाळ्याचे चार महिने कार्पेट गुंडाळून ठेवलेले बरे.

ज्यांच्या घरात अजून मातीची जमीन आहे किंवा कोबा उखडला आहे, त्यांनी कोणत्याही मशीनवर पैसे घालवण्याआधी जमीन पक्की करावी. मेक्सिको देशात कोआविला राज्यात सरकारने गरीब घरांतल्या मातीच्या जमिनी सिमेंटच्या करून दिल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, घरातली सगळी जमीन पक्की झाल्यावर लहान मुलांमधले जंत ७८ टक्क्यांनी आणि जुलाब ४९ टक्क्यांनी कमी झाले. आधी पक्का कोबा, मग लादी, मग मशीन, हा क्रम लक्षात ठेवावा.

मशीनवाला बोलावल्याने नेमके काय मिळते?

१९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ उडवण्याऐवजी ओढून घेणारे यंत्र बनवले. ते इतके मोठे होते की घोडागाडीवर रस्त्यात उभे करून लांब पाइप खिडक्यांतून घरांत सोडावे लागत. एकच यंत्र घरोघर जाई. आजचे व्यावसायिक सफाईचे काम त्याच तत्त्वावर चालते.

कार्पेट किंवा सोफ्यासाठी आधी मोठ्या व्हॅक्यूमने कोरडी धूळ ओढतात. मग साबणाचे पाणी फवारून ब्रशने घासतात आणि शेवटी गरम पाणी दाबाने आत सोडून मळासकट लगेच ओढून घेतात. हाताने घासल्यास वरचा मळ निघतो, पण पाणी आत मुरते. मशीन ते पाणी बाहेर काढते. खरा फायदा तो.

लादीसाठी गोल फिरणारा ब्रश असलेले मशीन असते. लाद्यांच्या सांध्यांत वर्षानुवर्षे बसलेला तेलकट काळा थर ते घासून काढते आणि ओढणारे मशीन घाण पाणी उचलून घेते. आपण एकच फडका एकाच बादलीत बुडवून पुसतो तेव्हा निम्मी घाण पुन्हा लादीवरच पसरते. शिवाय गुडघ्यांवर बसून तासन्‌तास सांधे घासणाऱ्या बाईची कंबर आणि गुडघे वाचतात. हा फायदा जाहिरातीत लिहिलेला नसतो, पण आपल्या घरांसाठी तोच मोठा.

आता काय मिळत नाही तेही ऐका. एकदा मशीन फिरवल्याने दमा बरा होत नाही. आठवड्याची सफाई नसेल तर महिन्या-दोन महिन्यांत धूळ पुन्हा जमते. आणि सफाईनंतर कार्पेट नीट सुकले नाही तर फायद्याऐवजी नुकसान होते, कारण ओल्या कापडात एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते. म्हणून भर पावसाळ्यात कार्पेट, सोफा धुऊन घेऊ नये. काम सकाळी करून घ्यावे, खिडक्या उघड्या, पंखे चालू ठेवावेत.

थोडक्यात, सुती सतरंजी, चादर, गोधडी यांना मशीनची गरज नाही. गरम पाणी आणि ऊन पुरे. जाड कार्पेट, कापडी सोफा, विहाराची मोठी जाजमे आणि काळी पडलेली लादी यांसाठी वर्षातून एकदा मशीन उपयोगी आहे.

ऍसिडची बाटली: हा स्वस्त उपाय नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मशीनला पैसे नाहीत म्हणून आपण काय करतो? दुकानातून लादीचे ऍसिड आणतो, मोरीत, संडासात ओततो. काम भराभर होते, फेस येतो, लादी पांढरी दिसते. पण हे तीव्र हायड्रोक्लोरिक ऍसिड असते. शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर हे दगड आणि मोझॅक लादी चुन्याच्या गुणाची असते. ऍसिड पडल्यावर जो फेस येतो तो मळाचा नसून दगड खाल्ला जात असल्याचा असतो. लादी खडबडीत होते आणि पुढे आणखी लवकर मळते. सिरॅमिक टाइलला वरून फारसे होत नाही, पण सांध्यांतले सिमेंट झिजते आणि त्या फटींतून पाणी खाली मुरते.

लादीपेक्षा मोठा धोका माणसाला आहे. लादीचे ऍसिड किंवा संडास साफ करायचे लिक्विड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. एक टाकून पाणी न ओतता दुसरे टाकले तरी दोन्ही मिसळतातच. त्यांतून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. चार बाय तीनच्या बंद संडासात वाकून घासणाऱ्या माणसाला तो लगेच गाठतो. ब्लिचिंग पावडर आणि अमोनिया असलेले काच साफ करायचे लिक्विड एकत्र केले तरी विषारी वायू होतो. नियम साधा आहे: एका वेळी एकच औषध, सोबत फक्त पाणी, आणि दार-खिडकी उघडी.

असा वायू नाकात गेला तर सगळे सोडून आधी मोकळ्या हवेत यावे. डोळे वाहत्या पाण्याने धुवावेत. खोकला, छातीत आवळल्यासारखे किंवा धाप लागत असेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. सुरुवातीला बरे वाटले तरी फुप्फुसांना सूज काही तासांनी येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवावेच.

ऍसिड अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे, भिजलेले कपडे काढावेत. हळद, टूथपेस्ट, तेल काही लावू नये. कुणी ऍसिड प्यायले तर उलटी करायला लावू नये, कारण वर येताना ते अन्ननलिका पुन्हा जाळते. तोंड धुवावे, बाटली सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे.

ऍसिड पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. लहान मूल तहानेने तीच बाटली तोंडाला लावते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ऍसिडच्या किरकोळ विक्रीवर कडक बंधने घातली. विकत घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करणे दुकानदारावर बंधनकारक आहे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ऍसिड विकता येत नाही. म्हणून मुलाच्या हाती पैसे देऊन ऍसिड आणायला पाठवू नका.

मग लादी कशाने साफ करायची?

रोजच्या सफाईसाठी साधे पाणी आणि थोडी भांड्यांची किंवा कपड्यांची साबण पावडर पुरते. दोन बादल्या ठेवाव्यात: एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडका खळबळायला साधे पाणी.

चुलीजवळच्या तेलकट लादीवर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटे ठेवावे, मग जुन्या ब्रशने घासावे. हाताला रबरी मोजे घालावेत.

सिरॅमिक टाइलवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर लिंबू किंवा व्हिनेगर चालते. शहाबादी, कोटा, मोझॅकवर मात्र लिंबूही लावू नये. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा मोबाइलवरचा उपाय फसवा आहे. फेस छान येतो, पण दोघे एकमेकांचा जोर मारतात.

वंदनेच्या जागी मेणबत्तीचे मेण लादीवर सांडते. ते चाकूने खरवडू नये. बर्फाचा खडा फिरवून कडक करावे, जुन्या प्लॅस्टिक कार्डाने उचलावे आणि मग गरम पाण्याने पुसावे. सतरंजीवर सांडले असेल तर वर-खाली कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. मेण कागदात उतरते.

पुराचे किंवा गटाराचे पाणी घरात आले असेल तर आधी चिखल पूर्ण काढून लादी साबणाने धुवावी. मग प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्याला १५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर, या प्रमाणात पाणी करून लादीवर दहा मिनिटे ठेवावे आणि धुऊन टाकावे. हे करताना पायात बूट हवेत, कारण पुराच्या पाण्यातून लेप्टोची लागण होते. पायाला जखम असेल किंवा नंतर ताप आला तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

एकट्याने नको, मिळून

एका छोट्या घरासाठी मशीनवाला बोलावणे महाग पडते. पण बूथचे यंत्र जसे एका रस्त्यावर उभे राहून अनेक घरे साफ करी, तसे आपणही करू शकतो. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी आणि विहार समितीने एकच दिवस ठरवला तर येण्या-जाण्याचा खर्च वाटला जातो आणि भावही खाली येतो. महिला बचत गटाला जमले तर लादी घासायचे मशीन गटानेच घ्यावे. तो रोजगारही होईल.

काम देण्याआधी पाच गोष्टी विचारा:

१. भाव चौरस फुटावर आहे की खोलीवर? दहा बाय बाराची खोली १२० चौरस फूट होते. कपाट आणि पलंगाखालची जागा न घासता तिचे पैसे लावू नयेत. भाव कागदावर लिहून घ्या.

२. कोणते औषध वापरणार? ‘ऍसिड’ असे उत्तर आले तर नको म्हणा.

३. आधी कोपऱ्यातली एक लादी करून दाखवणार का?

४. सुकायला किती वेळ लागेल? ओल्या लादीवर म्हातारी माणसे घसरतात. त्यांना तोवर शेजारी बसवा.

५. वीज कुठून घेणार? ओल्या लादीवर उघडी वायर म्हणजे मृत्यू. अर्थिंग असलेले प्लग आणि ३० मिलिॲम्पियरचे आरसीसीबी नसेल तिथे मशीन लावू देऊ नका.

आणि काम करणाऱ्याच्या हातात मोजे, पायात बूट आहेत का हेही पाहा. तोही कष्टकरी आहे, कदाचित आपल्याच एखाद्या वस्तीतला. त्याला ठरलेले पैसे वेळेवर द्या, प्यायला पाणी द्या, संडास-गटारात उतरायला सांगू नका. गटार आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

घरातही तोच न्याय हवा. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छतेचे महत्त्व सांगितले होते. पण घर स्वच्छ ठेवण्याचा भार एकट्या स्त्रीच्या कमरेवर टाका, असा त्याचा अर्थ नव्हे. गादी गच्चीवर नेणे, कार्पेट उचलणे, पाण्याच्या बादल्या आणणे ही कामे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करावीत.

दर आठवड्याचे चार नियम

चपला-बूट दाराबाहेर. गोदामातून किंवा मागावरून आल्यावर कपडे बदलून, हात-पाय धुऊन मगच सतरंजीवर बसायचे. कोरडा झाडू मारण्याआधी लादीवर पाणी शिंपडायचे किंवा थेट ओल्या फडक्याने पुसायचे. दर रविवारी चादरी, अभ्रे गरम पाण्यात आणि सतरंजी उन्हात.

एवढे करूनही मुलाला रात्री खोकल्याची उबळ येत असेल, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा दर महिन्याला ‘सर्दी’ होत असेल, तर तो दमा असू शकतो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पंप दिला तर घाबरू नका. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. गोळीपेक्षा कमी औषध थेट फुप्फुसात जाते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो बंदही करू नका.

येत्या रविवारी सुरुवात विहारापासून करू. जाजम बाहेर काढा, उन्हात टाका, लादी धुवा. दुपारी घरी गेल्यावर आपल्या कार्पेटचा एक कोपरा उचलून पाहा.